सात मिली, बारा वेढे

माझ्या नवऱ्याचं ठाम मत आहे की मी औषधांच्या खिडकीत बसायला नको होतं, चौकशीच्या खिडकीत बसायला हवं होतं. औषध हातात घेऊन माणूस निघाला की मला विचारायचंच असतं : कोणाला देणार, कशातून देणार, आधीचं किती उरलंय. आमचं लग्न ठरताना मी त्याच्या घरी गेले आणि अर्ध्या तासात सासूबाईंच्या गोळ्यांचा डबा उघडून बसले, हे तो आजही चारचौघांत सांगतो. सासूबाई रक्तदाबाची एकच गोळी दोन वेगवेगळ्या नावांनी घेत होत्या, हे तो सांगत नाही.

पुण्यातल्या एका मुलांच्या रुग्णालयात मी तीस वर्षं फार्मासिस्ट होते. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. आता कोथरूडच्या आमच्या सोसायटीत लोक जिन्यात थांबवून औषधांविषयी विचारतात आणि मी त्यांना हवं त्यापेक्षा जास्त सांगते. फार्मासिस्ट म्हणजे डॉक्टरांचं अक्षर लावू शकणारी बाई, अशी बहुतेकांची समजूत असते. मोठ्यांच्या दवाखान्यात ती थोडीफार खरीही असेल. मुलांच्या रुग्णालयात मात्र खरं काम वेगळंच असतं. औषधं बनतात मोठ्यांसाठी आणि आमचं गिऱ्हाईक असतं पाच किलोचं. मोठ्यांची गोळी त्या पाच किलोंपर्यंत कशी पोचवायची, हा आमचा धंदा.

मी नोकरीला लागले तेव्हा आम्ही पुड्या बांधायचो. चिनीमातीच्या खलात गोळ्या घोटायच्या, त्यात चवीला गोडसर अशी निरुपद्रवी पूड मिसळायची, कागदावर तिची एक सरळ रेघ ओढायची आणि पातळ पात्याने तिचे सारखे भाग करायचे. वीस पुड्या म्हणजे वीस पुड्या, त्यात एकही डावी-उजवी होता कामा नये. माझा हात त्यात चांगला बसला होता. पुढे नव्या पद्धती आल्या, गोळी मोजून पाण्यात विरघळवायची आणि बिनसुईच्या सिरिंजने तोंडात द्यायची असं ठरलं, आणि माझा खल कपाटावर गेला. मला थोडं वाईट वाटलं, पण सिरिंज जास्त अचूक होती, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती.

आमच्याकडे येणाऱ्या आजारांत मला सगळ्यात जास्त कुतूहल होतं ते तान्ह्या बाळांच्या एका विचित्र आकडीचं. आकडी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर तोंडाला फेस, वळलेल्या मुठी, पळापळ असं येतं. ही तशी नसते. बाळ चारसहा महिन्यांचं असतं. झोपेतून उठतं, आणि एकदम मान खाली जाते, दोन्ही हात पुढे येतात, क्षणभर थांबतात आणि सुटतात. काही सेकंदांनी पुन्हा तेच. असे वीस-तीस झटके एकामागून एक येतात आणि मग बाळ दमून रडतं. बघणाऱ्याला वाटतं, दचकलं असेल, पोटात कळ आली असेल. आत मेंदूत मात्र गोंधळ चाललेला असतो. ईईजी काढला तर कागदभर नुसत्या वेड्यावाकड्या रेघा दिसतात. या गोंधळात बाळ शिकलेलं विसरायला लागतं. हसत असेल तर हसणं थांबतं, नजर देत असेल तर नजर जाते. म्हणून या आजारात घाई असते. झटके जितके लवकर थांबतील तितकं बाळाचं पुढचं आयुष्य बरं जाण्याची शक्यता जास्त. शक्यता म्हणते आहे, कारण मूळ कारण काय आहे यावरही खूप अवलंबून असतं. खात्री कोणी देत नाही.

औषधं मोजकीच. एक संप्रेरकाचं इंजेक्शन, जे रोज टोचावं लागतं. दुसरं, तोंडाने द्यायचं स्टेरॉइड. तिसरं, व्हिगाबॅट्रिन नावाची गोळी, जी काही बाळांत फार छान काम करते पण फार काळ दिली तर नजरेच्या कडा पुसट होण्याची भीती असते, म्हणून डोळे तपासत राहावं लागतं. तिन्हींची काही ना काही किंमत मोजावी लागतेच. डॉक्टर त्यातलं एक निवडतात, पूर्ण मात्रेत देतात, साधारण दोन आठवडे वाट बघतात, आणि नाही जमलं तर दुसऱ्याकडे वळतात. हे वाट बघणं किती जड असतं ते मी खिडकीतून पाहिलं आहे.

स्टेरॉइडवरच्या बाळाची एक आई आठवते. हिंजवडीत नोकरीला, फोनमध्ये औषधाचे गजर लावलेले, कोणत्या दिवशी किती झटके आले त्याचा रंगीत तक्ता. स्टेरॉइडने बाळाला भूक फार लागते, चेहरा गोल होतो, रात्रंदिवस चिडचिड. एक दिवस ती औषध घ्यायला आली आणि खिडकीवरच रडायला लागली. "काकू, सगळे नातेवाईक म्हणतायत, काय मस्त बाळसं धरलंय. सासूबाईंनी तर दृष्ट काढली. मला माहितीये ना, हे बाळसं नाहीये, हे औषध आहे. आणि मी थँक्यू म्हणते सगळ्यांना." मी तिला आत बोलावून पाणी दिलं आणि पुन्हा एकदा बजावलं की काही झालं तरी हे औषध एकदम बंद करायचं नाही, डॉक्टर सांगतील तसं पायरीपायरीने उतरवायचं.

आणि एक आप्पा होते. शनिवार पेठेत राहणारे, भूमापन खात्यातून निवृत्त झालेले, नातवाला आकडीचं पातळ औषध चालू. एकदा त्यांनी कापडी पिशवीतून चार चमचे काढून माझ्यासमोर ओळीने ठेवले.

"आपण एक चमचा म्हणालात," ते म्हणाले. "आमच्या घरात चार चमचे आहेत आणि चौघांचं एकमत नाही. आपला कोणाला पाठिंबा आहे ते कळावं."

मी चारही चमचे पाण्याने भरून मापात ओतले. सगळ्यांत मोठ्यात सगळ्यांत लहानाच्या जवळपास दुप्पट मावत होतं. आप्पांना विजय झाल्यासारखं वाटलं आणि मला लाज वाटली. त्या दिवसापासून आमच्या खिडकीतून चमचा हा शब्द हद्दपार झाला. प्रत्येक बाळामागे सिरिंज द्यायची, योग्य त्या आकड्यावर लाल चिकटपट्टी लावायची, पाण्याने एकदा भरून दाखवायची. आप्पांनी जाताना शेरा मारला, "इतकी वर्षं हे का सुचलं नाही, हे मी विचारत नाही." तरीही मला वाटू लागलं की चूक व्हायला आता जागाच उरलेली नाही. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढची गोष्ट या समजुतीनंतरची आहे.

ईश्वरी सात महिन्यांची असताना आमच्याकडे आली. शहराच्या दक्षिणेचं, नुकतंच महापालिकेत आलेलं गाव. त्यांच्या शेतावर आता बारा मजली इमारती आहेत आणि त्यातल्याच एका इमारतीत, सातव्या मजल्यावर हे कुटुंब राहतं. वडील सागर, त्याचे दोन टेम्पो. आई प्रियांका, तेवीस-चोवीस वर्षांची. आणि सागरची आई हौसाबाई. अंगाने बारीक, नऊवारी, डोक्यावर पदर, आणि समोरच्याचं बोलणं पुरतं संपल्याशिवाय तोंड न उघडणाऱ्या. मी त्यांना आजी म्हणत होते. केसपेपरवरून पुढे कळलं की त्या माझ्याहून जेमतेम दोन वर्षांनी मोठ्या होत्या.

ईश्वरीचा आजार सापडला तोही फोनमुळे. बाळ उठलं की मान लववून दोन्ही हात पुढे आणतं, हे बघून घरचे खूश झाले होते. बाळ जय जय करतंय. सागरने व्हिडिओ काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला, खाली हात जोडलेली चित्रं. साताऱ्याच्या एका लांबच्या मावशीची मुलगी नर्स होती. तिने फोन करून सांगितलं की हा व्हिडिओ आजच्या आज मुलांच्या डॉक्टरांना दाखवा. दुसऱ्या दिवशी ते आमच्याकडे होते.

आमच्या न्यूरोच्या डॉक्टरांनी तपासण्या करून व्हिगाबॅट्रिन सुरू केलं. चार दिवस बाळ वॉर्डात होतं. नर्सेस औषध देत होत्या, मात्रा टप्प्याटप्प्याने वाढवली, झटके कमी होऊन दिवसाला चारपाचवर आले. डॉक्टर खूश होत्या. घरी पाठवताना हिशेब असा होता : एक गोळी दहा मिली पाण्यात विरघळवायची, त्यातलं सात मिली सिरिंजने द्यायचं, उरलेलं तीन मिली फेकायचं. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. म्हणजे दिवसाला दोन गोळ्या. मी तीन पट्ट्या दिल्या, तीस गोळ्या. सागरला सिरिंज भरून दाखवली, सातवर लाल पट्टी लावली, "समजलं ना?" विचारलं. तो म्हणाला, "हो मॅडम, समजलं." त्याच्या हातात बिलं, फाइल, फोन असं सगळं होतं.

दोन आठवड्यांनी ते तपासणीला आले तेव्हा झटके पुन्हा वाढले होते. डॉक्टरांनी मात्रा थोडी वाढवून दिली, आणखी एक आठवडा बघू म्हणाल्या. आठवडा गेला. ईश्वरीने नजर द्यायचं बंद केलं. आईच्या आवाजाकडे वळायची ती वळेनाशी झाली. तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस माझ्या खिडकीत जो कागद आला त्यावर व्हिगाबॅट्रिन कमी करत बंद करायचं आणि उद्या भरती होऊन इंजेक्शनं सुरू करायची असं लिहिलेलं होतं. सागरने कागद आत सरकवला. त्याचे डोळे सुजले होते.

मी इंजेक्शन फ्रिजमध्ये आहे का बघायला उठले आणि अर्ध्या वाटेत थांबले. मला काहीतरी टोचत होतं. दिवसाला दोन गोळ्या. तीस गोळ्या पंधरा दिवसांत संपायला हव्यात. मात्रा वाढली तरी गोळ्या तेवढ्याच, फेकायचं तेवढं कमी. हे औषध बाहेर सहजासहजी मिळत नाही, बहुतेक लोक आमच्याकडूनच नेतात. एकवीस दिवस झाले होते आणि हे पुन्हा औषध न्यायला आलेच नव्हते.

परत खिडकीशी येऊन मी विचारलं, "सागर, आधीच्या गोळ्या किती उरल्यात?"

त्याने मागे वळून बघितलं. "आईकडं असतील."

हौसाबाई बाकावर बसल्या होत्या, मांडीत बाळ, शेजारी प्रियांका. त्यांनी पिशवीतून पट्ट्या काढून दिल्या. दोन पट्ट्या अख्ख्या होत्या. तिसरीत दोन गोळ्या. एकवीस दिवसांत आठ गोळ्या गेल्या होत्या. मी प्रियांकाकडे पाहिलं. "औषध कोण देतं घरी?"

"आत्याच देतात," ती म्हणाली. सासूला ती आत्या म्हणायची. "त्यांच्या हातून कधी उलटून टाकत न्हाई ती."

मी माझ्या उपजत चौकशीच्या आवाजात बोलायला लागले असते, पण बाळाकडे लक्ष गेलं. ती छताकडे बघत होती, नुसतीच. मी खिडकीचं दार उघडलं आणि सगळ्यांना आत घेतलं. सकाळचं औषध अजून द्यायचं होतं, कारण ते पहाटेच घरून निघाले होते. मी हौसाबाईंना म्हटलं, "आजी, रोज जसं देता अगदी तसंच मला करून दाखवा. मी काही बोलणार नाही."

त्यांनी पिशवीतून एक फडकं काढलं. फडक्यात तळहाताएवढी सहाण होती, बाळगुटीची, मधोमध खोलगट झालेली. एका स्टीलच्या डबीत चालू गोळी होती. ती मी जवळ घेऊन पाहिली. एका बाजूने तिरकी झिजलेली, गुळगुळीत, उगाळून उगाळून झिजलेलं हळकुंड दिसतं तशी. प्रियांकाने आडोशाला जाऊन वाटीत थोडं दूध काढून आणलं. हौसाबाईंनी दोन थेंब सहाणेवर टाकले, गोळी धरली आणि गोल फिरवायला लागल्या. ओठ हलत होते. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी : बाळगुटीत प्रत्येक मुळी सहाणेवर किती वेळा गोल फिरवायची ते ठरलेलं असतं, एका फेऱ्याला एक वेढा म्हणतात. हळदीचे इतके वेढे, वेखंडाचे इतके. बाळ वाढतं तसे वेढे वाढतात.

बारा वेढे झाल्यावर त्या थांबल्या. "पयल्यांदा सात दिले," त्या म्हणाल्या. "मग नऊ. डॉक्टरीणबाईंनी वाढवा म्हणल्यावर बारा केले."

"सात का?"

"तुमीच सात म्हणला होता न्हवं?"

सागर आईकडे वळला. "आई, ते सात मिली होतं. पाण्यात विरघळवून. मी तुला सिरिंज दिली होती."

"दिलीस, आन टेम्पोवर गेलास," हौसाबाई शांतपणे म्हणाल्या. "मला वाटलं आजारी पोरीला एकदम येवढी आख्खी गोळी कशी सोसंल. आन वर तीन भाग वतून द्याचं म्हणं. येवढं मोलाचं औषध कुणी वतून देतं व्हय. बाळाचं औषध थोडक्यात सुरू करायचं, मानवतंय का बघायचं, मग चढवायचं. माझी तीन पोरं, पाच नातवंडं आशीच वाढली. तुमचे डॉक्टर बी चढवतच नेतात की."

यातलं एकही वाक्य मूर्खपणाचं नव्हतं. थोडक्यात सुरू करा, मानवतंय का बघा, चढवत न्या, हेच आमच्या पाठ्यपुस्तकातही लिहिलेलं आहे. चार दिवस वॉर्डात नर्सेसनी तेच केलं होतं. फक्त ते चढवणं वॉर्डात पुरं झालं होतं आणि हौसाबाईंनी घरी पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात केली होती.

आता खरं तर मी धावत वर डॉक्टरांकडे जायला हवं होतं. पण माझ्यातली ती चौकस बाई आधी तराजूकडे वळली. आमच्याकडे अगदी बारीक वजन दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा होता. मी पट्टीतून एक नवी गोळी काढली, तोलली, हौसाबाईंच्या हातात दिली. "बारा वेढे." उगाळल्यावर गोळी पुसून पुन्हा तोलली. पुन्हा बारा. पुन्हा तोलली. तिसऱ्यांदा बारा. प्रत्येक वेळी जितकी गोळी कमी झाली ते आकडे मी कागदावर एकाखाली एक लिहिले आणि बघत राहिले. तिन्ही आकड्यांत नाव घेण्याजोगा फरक नव्हता. कित्येक वर्षं पुड्या बांधलेला माझा हात इतका सारखा चालला असता की नाही, मला शंका आहे. प्रत्येक वेळी गोळीचा जेमतेम पाचवा भाग उतरत होता. द्यायचा होता पाऊण गोळीच्या आसपास. शिवाय उतरलेल्यातलं थोडं सहाणेतच राहत असणार ते वेगळं.

मी तो कागद, झिजलेली गोळी आणि दोन अख्ख्या पट्ट्या घेऊन वर गेले. न्यूरोच्या डॉक्टर पेशंट तपासत होत्या. त्यांनी कागद वाचला, गोळी बोटांत धरून फिरवून पाहिली.

"म्हणजे औषध फेल गेलेलं नाही," त्या म्हणाल्या. "ते आपण अजून दिलेलंच नाही."

इंजेक्शनचा कागद त्यांनी स्वतः फाडला. बाळाला त्याच दिवशी भरती करून पूर्ण मात्रेवर आणायचं ठरलं. मी खाली आले तेव्हा सागर आईवर चिडलेला होता. आवाज चढवत नव्हता, पण बोलणं लागेल असं होतं. "आडाणी आहेस का तू? विचारायचं तरी." हौसाबाई सहाण फडक्यात बांधत होत्या.

"इचारलं होतं," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघून, "बाईंना. त्या दिवशी खिडकीत. समदं एकदम द्याचं का, म्हणून."

मला आठवलं. डिस्चार्जचा दिवस, दुपारची गर्दी, मागे दहा माणसं. सागरच्या खांद्याआडून कोणीतरी काहीतरी विचारलं होतं आणि मी मान वर न करता म्हटलं होतं, "यांना सगळं सांगितलंय, आजी." इतकी चौकशी करणारी मी, आणि घरात बाळाला औषध कोणाच्या हातून जातं, एवढंच विचारलं नव्हतं. सिरिंज फोनवाल्या माणसाच्या हातात दिली होती.

पूर्ण मात्रा सुरू झाल्यावर पाचव्या दिवशी झटके थांबले. दहाव्या दिवशीच्या ईईजीत तो गोंधळ नव्हता. वॉर्डात मी रोज वर चक्कर मारायचे, माझं काही काम नसताना. हौसाबाईंना सिरिंज शिकवायला मला पाच मिनिटं लागली. मोजणारा हात तयार होताच, मोजायचं काय तेवढं सांगायचं होतं. उरलेले तीन मिली बेसिनमध्ये ओतताना मात्र त्या दर वेळी तोंड फिरवायच्या. निघायच्या दिवशी ईश्वरीने प्रियांकाच्या आवाजाकडे मान वळवली. प्रियांका पलंगाच्या एका बाजूने हाक मारायची, मग पलीकडे जाऊन तिथून हाक मारायची, आणि बाळ दर वेळी वळायचं. वॉर्डातल्या इतर आयाही बघत होत्या.

त्यानंतर आमच्या खिडकीत नियम झाला. औषध देणारा माणूस समोर असल्याशिवाय तान्ह्या बाळाचं आकडीचं औषध द्यायचं नाही. आजी असेल तर आजीला बोलवा, पाळणाघरवाली असेल तर तिला फोन लावा. "समजलं ना" हा प्रश्न बंद, कारण त्याला सगळे हो म्हणतात. त्याऐवजी "करून दाखवा". रांग लांबली, तक्रारी झाल्या, एका गृहस्थांनी तक्रारवहीत लिहिलं की इथे औषधाबरोबर प्रात्यक्षिक परीक्षाही घेतली जाते. पण काय काय कळलं म्हणून सांगू. कोणी औषध मधातून देत होतं, जे वर्षाच्या आतल्या बाळाला देऊच नये. कोणी औषध बाटलीभर दुधात मिसळून देत होतं आणि बाळ अर्धं दूध टाकत होतं. एक आजोबा सिरिंज नीट भरायचे, पण टोपण न काढता दाबायचे आणि जोर लावूनही औषध जात नाही म्हणून सिरिंजच खराब म्हणायचे. यातलं कोणीही निष्काळजी नव्हतं. ज्याला त्याला आपापली रीत माहीत होती, आणि ती आम्ही कधी विचारली नव्हती.

ईश्वरीचं औषध काही महिन्यांनी थांबलं. डोळे ठीक होते. झटके परत आले नाहीत. ती बसली उशिरा, चालली उशिरा. मी निवृत्त व्हायच्या आधीच्या महिन्यात ती अडीच वर्षांची होती आणि पाच-सहा शब्द बोलत होती. त्या वयाची मुलं वाक्यं बोलतात. थेरपीला आणायचं काम हौसाबाईंचं होतं, आठवड्यातून दोनदा, दोन बस बदलून. त्या महिन्यात एक दिवस ईश्वरीला थेरपीला सोडून त्या माझ्या खिडकीशी आल्या. औषध काही न्यायचं नव्हतं. बाजूला रांग चालू होती, त्यांनी ती सरेपर्यंत वाट पाहिली.

"एक इचारायचं हाय," त्या म्हणाल्या. "खरं सांगा. पोरगी मागं राहिली ती त्या तीन हप्त्यांनी का?"

या प्रश्नाचं उत्तर न्यूरोच्या डॉक्टरांकडेही नव्हतं. मी त्यांना ते आधीच विचारून ठेवलं होतं, कारण मलाही तेच जाणून घ्यायचं होतं. मूळ आजारामुळे असेल. आधी, जय जय म्हणून गेलेल्या दिवसांमुळे असेल. त्या एकवीस दिवसांमुळेही असेल. वेगळं काढून दाखवता येत नाही. मी हे सगळं हौसाबाईंना सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे आसंल बी," त्या म्हणाल्या.

"असेलही."

मला त्यांना तुमचा काही दोष नाही असं सांगता आलं असतं. पुष्कळांना मी तसं सांगितलंही आहे, आणि त्यांना बरं वाटलं आहे. या बाईला ते सांगायला माझी जीभ वळेना.

"त्या दिवशी तुम्ही मला विचारलं होतं," मी म्हटलं. "मी वर बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं, तर दोन मिनिटांत तुम्हाला कळलं असतं."

हौसाबाईंनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. रागाने नाही. एखादं वजन उचलण्याआधी अंदाज घ्यावा तसं पाहिलं.

"मग निम्मं तुमचं," त्या म्हणाल्या.

"हो," मी म्हटलं. "निम्मं माझं."

त्यांनी मान डोलावली, पदर सारखा केला आणि नातीला आणायला निघून गेल्या.